भीमाची बोटे आणि समीक्षकांची दया

१/
कामगारांच्या कथांविषयी मराठीत एक वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही : ‘दारिद्र्याने ही माणसे घडवली.’ प्रस्तावनांत ते असते, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत असते, जयंती-पुण्यतिथीच्या लेखांत तर असतेच. वाक्य दयाळू आहे, आणि चूक आहे. हा धागा त्या चुकीविषयी.

२/
त्या वाक्यात ‘दारिद्र्य’ हा कर्ता आहे. पाऊस पडावा, साथ यावी, तसे दारिद्र्य येते आणि माणसाला घडवून जाते. पगार कोणी थकवला, हजेरीपटावरचे नाव कोणी खोडले, जात विचारून खोली कोणी नाकारली, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत उरतच नाहीत. ज्याला ‘घडवले’ म्हणायचे तो माणूसही मातीचा गोळा होऊन बसतो. त्याने कसला हिशेब मांडला, दोन वाईट वाटांपैकी कोणती निवडली आणि का, हे विचारण्याचे कारणच राहत नाही. मालक सुटतो आणि मजुराची बुद्धीही हिरावली जाते. एका दयाळू वाक्याने इतके साधते!

३/
कामगारकथेचे चांगले लेखक मात्र याच दोन गोष्टी लिहीत आले आहेत : विशिष्ट व्यवस्था आणि तिच्याशी झुंजणारे विशिष्ट डोके. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा बहुतेकांच्या वाचनात आहे. ज्यांच्या नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुढचा सारा वाद तिच्या शेवटावर उभा आहे.

४/
वारणाकाठच्या एका खेड्यातला भीमा पोटासाठी मुंबईत येतो. अंगाने पहिलवान. शहर त्याला काम देत नाही. शेवटी उपनगरात, जंगलाच्या कडेला, दगडाच्या खाणीत काम मिळते. बायको आणि लहान मुलगी यांच्यासह संसार उभा राहतो. खडक त्याच्या घणापुढे टिकत नाही आणि त्यालाही त्याचा अभिमान आहे. मग खाण बंद पडते. हाताशी काम नाही, अशा अवस्थेत बसलेल्या भीमाच्या नजरेला प्रेताच्या राखेचा ढीग पडतो, आणि राखेत सोन्याची अंगठी सापडते.

५/
तेथून पुढे तो मसणवटे हिंडू लागतो. राख चाळतो, तिच्यातले सोने वेचून विकतो. हळूहळू पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री बड्या सावकाराचे ताजे प्रेत पुरल्याची बातमी लागते. बायको अडवते; तो जातो. प्रेतावर कोल्ह्यांचाही डोळा असतो. त्यांच्याशी झुंजत तो प्रेत बाहेर काढतो, तोंडातल्या सोन्यासाठी पहारीने जबडा उचकटतो, आणि पहार निघताच मिटलेल्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. जीव वाचतो. दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. हा अजस्र माणूस लहान मुलासारखा रडतो. कथा संपते.

६/
या कथेचे दोन अर्थ सर्रास सांगितले जातात. पहिला सोपा : लोभाचे फळ वाईट. दुसरा अधिक सुशिक्षित : दारिद्र्याने माणसाचा पशू केला; पाहा, तो कोल्ह्यांच्या रांगेत जाऊन बसला. पहिला अर्थ भीमाला दोषी ठरवतो, दुसरा त्याला निर्दोष सोडतो. दोघांनाही कथेचे शेवटचे वळण वाचता आलेले नाही.

७/
लोभाची शिक्षाच सांगायची असती तर बोटे तुटली तेथे कथा पूर्ण झाली असती. शिक्षा मिळाली, हिशेब मिटला. पशू झालेला माणूस दाखवायचा असता तर कोल्ह्यांच्या झुंजीवर पडदा पाडणे अधिक परिणामकारक ठरले असते. तितके नाट्य अण्णा भाऊंना सहज जमत होते. पण त्यांनी त्यानंतर खाणीची बातमी आणली. ती बातमी कथेत कशासाठी आहे, हा प्रश्न एकदा विचारला की दोन्ही अर्थ ढासळतात.

८/
खाण बंद पडेपर्यंत भीमा दगड फोडत होता. खाण सुरू होणार म्हटल्यावर त्याचे पहिले दुःख हेच की दगड फोडणारी बोटे उरली नाहीत. मधल्या काळात त्याचा ‘स्वभाव’ बदललेलाच नव्हता! तीच पहार, तेच खणणे, तोच जोर, कष्टाला न भिणारी तीच वृत्ती, कोणापुढे हात न पसरण्याची तीच ऐट. ताकद तीच राहिली. तिला विकत घेणारा तेवढा नाहीसा झाला. खाणमालक विकत घेईना तेव्हा ती ताकद मेलेल्यांच्या दारी गेली. ‘दारिद्र्याने भीमा बदलला’ म्हणणाऱ्याने कथेत पाहावे : बदलले काय, तर भीमाचे कामाचे ठिकाण.

९/
आणि भीमा विचार करतो, हे तर त्याच्या दयाळू वाचकांना दिसतच नाही. ज्याच्या राखेत सोने सापडते तो श्रीमंत, ज्याच्या राखेत नाही तो गरीब, अशी त्याची सरळ व्याख्या आहे. म्हणून मरायचेच तर श्रीमंतांनी मरावे, असे त्याचे मत बनते. यात विकृती शोधणारे शोधोत. मेल्यावरही वर्ग सुटत नाही, हे अर्थशास्त्र एका निरक्षर मजुराने राख चाळून स्वतः शोधले आहे. ही पशूची वाणी नव्हे. अण्णा भाऊंनी जाणूनबुजून त्याला हे डोके दिले आहे.

१०/
जाणूनबुजून, असे म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो मांडताना केलेला युक्तिवाद असा की या देशात धंदा जातीने चालत येतो. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसाच काही जमातींत चोरीचा धंदा पिढीजात आहे. स्वभाव रक्तात असतो, हे येथे कायद्याच्या भाषेत लिहिले गेले. पुढे या कायद्याखाली अख्ख्या जमातींची नावे नोंदली गेली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लावली गेली. तो रद्द व्हायला १९५२ उजाडले.

११/
अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातील वाटेगावचा, मांग समाजातला. हजेरीचा जाच म्हणजे काय हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत ती हजेरी आहे, आणि तिच्या विरोधात उभा राहणारा, दुष्काळात धान्य लुटून गाव जगवणारा नायक आहे. कायदा ज्याला जन्मजात चोर म्हणतो त्याच्या चोरीमागे कोणता विचार आहे, कोणते कर्तव्य आहे, हे लिहिणे हा त्यांच्या लेखनाचा कणा होता. भीमा हा फकिराचाच दूरचा भाऊबंद. फक्त त्याच्यामागे गाव नाही. मुंबईत तो एकटा आहे.

१२/
आता दयाळू समीक्षक काय करतो ते पाहावे. साहेब म्हणाला, हा रक्ताने चोर. समीक्षक म्हणतो, हा परिस्थितीने चोर. साहेबाच्या मनात तुच्छता होती, समीक्षकाच्या डोळ्यांत पाणी आहे, हा फरक लहान नाही. कोणी तो लहान मानू नये. पण माणसाच्या करणीमागे त्याचे स्वतःचे डोके आहे, हे दोघांनाही मान्य नाही. एकाने कारण रक्तात ठेवले, दुसऱ्याने पोटात. डोक्यात ठेवायला कोणी तयार नाही.

१३/
मराठी कथेच्या इतिहासात या वृत्तीला आणखी एक पदर आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे नवकथा आली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेला खोली दिली, यात वाद नाही. पण नवकथेबरोबर वाचनाची एक सवयही आली. मध्यमवर्गीय पात्र खिडकीत बसून उसासा टाकते तेव्हा ती ‘मनाची गुंतागुंत’ ठरू लागली. आणि त्याच शहरात एक मजूर भुकेला असताना चोरी करावी की न करावी याचा रात्रभर विचार करतो तेव्हा ते ‘समाजचित्रण’. एकाला मन मिळाले, दुसऱ्याला परिस्थिती. दोष नवकथाकारांचा कमी, त्यांच्या भाष्यकारांचा अधिक. माडगूळकरांच्या माणदेशी माणसांनी तर हे विभाजन केव्हाच मोडले होते. भाष्यकारांना मात्र ते सोयीचे वाटत राहिले.

१४/
‘परिस्थिती’ हा शब्द तरी निदान उघडून पाहावा. गिरणगावात ती कशी चाले? कामावर घेणे जॉबरच्या हाती. त्याला दस्तुरी द्यावी लागे, निदान त्याची मर्जी राखावी लागे. बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राही. कायमचा कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. पगार महिन्याचा, तोही पुढचा महिना बराच सरल्यावर हातात पडे. मधल्या काळात वाणी उधार देई, खाणावळवाली थांबे, पठाण व्याज मोजी. पगार कोणत्या तारखेच्या आत द्यावा हे ठरवायला १९३६ चा कायदा करावा लागला : हजाराच्या आत कामगार असतील तर सातव्या दिवसापर्यंत, जास्त असतील तर दहाव्या दिवसापर्यंत. म्हणजे ‘दारिद्र्य’ नावाच्या त्या ढगाला तारखा होत्या, दर होते, सह्या होत्या.

१५/
अशा माणसाच्या स्वभावाबद्दल पांढरपेशा निरीक्षकाचे ठरलेले शेरे असत : उधळ्या, उद्याचा विचार नसलेला, चंचल. ज्याला उद्या दाराच्या आत घेतील की नाही ठाऊक नाही त्याने उद्याचा विचार कोणत्या आधारावर करायचा? आज चार पैसे आहेत तर आज गावी मनिऑर्डर, आज उधारी, आज पोरांना गोड. याला अविचार म्हणणे हा हिशेब न समजल्याचा पुरावा आहे. सावध माणूस सावध असतो, कारण त्याचा पगार पहिल्या तारखेला येतो.

१६/
बाबुराव बागूल यांनी हा वाद आणखी अवघड जागी नेला. १९६३ मध्ये त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह आला. त्यातील शीर्षककथेचा नायक उपाशी नाही. त्याला रेल्वेत नोकरी मिळाली आहे, गुजरातेत. पगार आहे, उमेद आहे, स्वतंत्र देशाचा नागरिक असल्याचा आनंद आहे. हवी आहे फक्त राहायला जागा, आणि जागेसाठी जातीचा प्रश्न येतो. तो जात लपवतो. सहकारी त्याला मान देतात, घरी बोलावतात. सत्य कळताच हेच लोक त्याला मारतात.

१७/
‘दारिद्र्याने घडवले’ हे सूत्र येथे चालवून पाहावे. चालत नाही. सरकारी पगार घेणारा माणूस क्षणोक्षणी जपून बोलतो, हसतो, पाणी पिताना दचकतो. त्याच्या मनावर जे ओझे आहे ते पैशाने उतरणारे नाही. शेजारीच काशिनाथ आहे, त्याच जातीचा, त्याच कामावरचा, आणि तो लपत नाही. चाकू बाळगतो, भांडतो, शेवटी धावून येतो तोही तोच. एकच जात, एकच मजुरी, एकच अपमान. माणसे दोन, आणि उत्तरेही दोन. परिस्थितीच जर माणूस पाडत असती तर एका साच्यातून दोन वेगळी नाणी कशी निघाली?

१८/
बागुलांची ‘आई’ ही कथा तर उलट्या बाजूच्या भाबडेपणाचाही समाचार घेते. गरिबी माणसाला उदात्त करते, गरीब आई म्हणजे त्यागमूर्ती, असे मानणारा एक मोठा वाचकवर्ग आहे. तो कामगारकथेत माणुसकीचे झरे शोधत फिरतो. या कथेतली विधवा सुंदर आहे. नवरा हयात होता तोवर त्याच्या संशयाने छळलेली. त्याच्या मागे तिने अनेकांना दूर ठेवून मुलाला वाढवले. आणि मग ती मुकादमाला जवळ करते. शाळेत पोरे मुलाला हिणवतात. मुलाला आई देवी हवी आहे, वस्तीला ती बाजारबसवी हवी आहे.

१९/
बागूल तिला दोन्ही होऊ देत नाहीत. मुकादमाच्या हाती मजुरी आहे, हे खरे. पण तिलाही देह आहे, एकटेपणाचा कंटाळा आहे, सुखाची ओढ आहे. वर्षानुवर्षे ती उपाशी राहिली ते केवळ भाकरीसाठी नव्हते. या बाईला ‘परिस्थितीचा बळी’ म्हटले की तिची इच्छा पुसली जाते, आणि ‘पतिता’ म्हटले की मुकादमाची सत्ता पुसली जाते. बागुलांना दोन्ही हव्या आहेत, एकाच वेळी, एकाच खोलीत. म्हणूनच ती कथा वाचकाला सुखाने बसू देत नाही.

२०/
या लेखकांत दोष नाहीत असे नाही. अण्णा भाऊ घाईने लिहीत, पोटासाठी लिहीत. त्यांचे नायक फार वेळा पिळदार दंडाचे आणि त्यांच्या नायिका फार वेळा पाणीदार डोळ्यांच्या असतात. बागुलांची भाषा कधी इतकी तापते की प्रसंग तिच्या धगीत दिसेनासा होतो. समीक्षकांनी हे दाखवले ते योग्यच केले. तक्रार एवढीच की दोष दाखवताना कलेची मापे काढली आणि गुण दाखवताना दयेची. ‘अनुभव अस्सल आहे’ हे शाबासकीचे शब्द किती कामगार लेखकांच्या वाट्याला आले, आणि ‘रचना पक्की आहे’ हे किती जणांच्या? ‘स्मशानातील सोनं’चा शेवट हा रचनेचा विजय आहे. खाणीच्या बंद होण्याने सुरू झालेली गोष्ट खाणीच्या उघडण्याने मिटते, आणि मधल्या अंतराची किंमत दोन बोटे. अनुभव अस्सल असला म्हणून हे आपोआप सुचत नाही.

२१/
हीच दया लेखकांवरही केली गेली. अण्णा भाऊ हे ‘दारिद्र्याने घडवलेले साहित्यिक’, असे त्यांच्याविषयी आजही लिहिले जाते. इतिहास काय सांगतो? ते शाळेत गेले दीड दिवस. बालपणी वाटेगावाहून कुटुंबासह पायी मुंबईला आले, मिळेल ती कामे केली, गिरणीतही राबले. अक्षरे त्यांनी गिरवली ती कामगार वस्तीत, दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रके वाचत, चळवळीतल्या सोबत्यांच्या संगतीने. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गिरण्यांच्या मैदानांवर हजारोंपुढे वग आणि पोवाडे सादर करताना कोणता शब्द पोहोचतो आणि कोणता वाटेत पडतो, हे त्यांना कळत गेले.

२२/
म्हणजे दारिद्र्याने त्यांच्याकडून घेतले. शाळा घेतली, आरोग्य घेतले, आणि १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आयुष्यही घेतले. दिले ते संघटनेने, सोबत्यांनी, श्रोत्यांनी आणि त्यांच्या स्वतःच्या जिद्दीने. माटुंग्याच्या ज्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊ वावरले, तेथेच पुढे कोवळ्या वयातले बाबुराव बागूलही वाढले. दारिद्र्य मुंबईत लाखोंना होते. ते कॅम्पाच्या हद्दीबाहेर कमी नव्हते. सभा, पत्रके, कलापथके आणि वादविवाद यांनी गजबजलेल्या त्या वस्तीतून दोन मोठे कथाकार निघावेत, याचे कारण भुकेत शोधणारा इतिहासकार भलत्या जागी खणतो आहे.

२३/
१९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडत गेल्या, आणि कामगारांचे बदलते जग जयंत पवार यांनी नाटकांतून, कथांतून धरले. त्यांच्या ज्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचे नाव ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, हे मुंबईकराला सांगायला नको. राखेत सोने सापडते, हे भीमाचे म्हणणे असे निराळ्या रीतीने खरे झाले. चाळणी मात्र या वेळी दुसऱ्यांच्या हाती होती. आणि गिरणगावातल्या ज्या मुलांच्या वाट्याला बंद गिरणीचे कुलूप आले, त्यांच्यापैकी काही जण टोळ्यांकडे वळले तेव्हा वर्तमानपत्रांनी तेच जुने वाक्य काढले. बेकारीने मुले बिघडली. जमिनीचे काय झाले हा मजकूर बहुधा दुसऱ्या पानावर असे.

२४/
२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊंनी पृथ्वीचा भार शेषाच्या फण्यावरून काढून दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवला. ती कल्पना आता भिंतींवर रंगवलेली असते, व्यासपीठांवर टाळ्या घेते. ज्याने ती मांडली त्यानेच भीमाचा हात लिहिला. तो हात कोणत्या कामाला होता, ते काम कोणी बंद केले, आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याला किती बोटे उरली होती, हे त्याने क्रमाने, तारखेसारखे नोंदवून ठेवले आहे.